कपाट काढायचं ठरलं

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधीच सांगून टाकतो, म्हणजे उरलेलं पत्र तू नीट वाचशील. बाबांच्या कपाळाला तीन टाके पडले आहेत. ते ठीक आहेत. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून पुन्हा लिहितो, ठीक आहेत.

झालं असं, की मंगळवारी शाळेत जायच्या घाईत हिने आईच्या कपाटातून जाड पांघरुणं बाहेर घेतली आणि कपाटाचं दार तसंच उघडं राहिलं. तुला ती जागा आठवत असेल. बाबांच्या पलंगासमोर खोलीच्या अर्ध्यापर्यंत आलेली ती विटांची भिंत, तिच्यामागे कपाट, भिंत संपते तिथे कपाटाचं दार, आणि तिथून वळलं की बाथरूम. ते दार उघडलं की नेमकं वाटेत येतं. बाबा नेहमीसारखे ताडताड निघाले आणि दाराच्या कडेवर कपाळ आपटलं. आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. ही तेव्हापासून स्वतःलाच बोल लावून घेतेय, जेवणसुद्धा धड जात नाही तिला. समजूत काढून काढून मी दमलो.

बाबांचं मात्र भलतंच. टाके घालून झाल्यावर त्यांनी हळूच बोट फिरवून पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले की हात तसा बरा आहे, पण मधला टाका सैल बसलाय, उसवेल. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, तो काय गप्प बसतोय! डॉक्टर बिचारे हसले, पण मधला टाका त्यांनी पुन्हा बघितला हो.

मी घाबरलोय, ताई. नजर जाऊन चार वर्षं झाली, तरी घरात ते असे वावरतात की नव्या माणसाला कळतसुद्धा नाही. उठतात, बाथरूमला जाऊन येतात, उशाच्या जगमधलं पाणी ओतून घेतात. कुणाला हाक नाही, कुणाचा हात नाही. त्यांना दिसत नाही हे मीही विसरूनच गेलो होतो. आता ते नुसते पलंगावरून उठले तरी मी हातातलं टाकून धावतो. काय करावं ते सुचव. फोनवरच विचारणार होतो, पण मागच्या वेळी मी डॉक्टर म्हणालो आणि तू ट्रॅक्टर ऐकून बाबांनी म्हातारपणी ट्रॅक्टर कशाला घेतला म्हणून माझ्यावरच उखडलीस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरतो, थोडा जास्त पाठवलास तर ठेवायला जागा करीन.

तुझा,
गुंड्या

ता. ८ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

पत्र मी उभ्या उभ्याच दोनदा वाचलं. ठीक आहेत असं दोनदा लिहिलंस म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच मी समजते. आणि माझ्या कानांची टवाळी पुरे. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं, त्यात कान कामी आले. म्हणून तर सांगते, महत्त्वाचं काय ते लिहून कळवावं. बोलण्यात घोळ होतो, लिहिलेल्यात होत नाही.

आता ऐक. ते कपाट काढ. दार नको नि भिंतही नको. एवढीशी खोली, तिच्यात अर्ध्यापर्यंत ती भिंत घुसलेली, आणि ज्याला दिसत नाही अशा माणसाने तिला वळसा घालून बाथरूमला जायचं! आज दार लागलं, उद्या भिंतीचा कोपरा लागेल. पलंगापासून बाथरूमपर्यंत सगळं मोकळं करून टाक. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बसून साऱ्या शहराच्या नळांचे नकाशे काढतोस, एक घरातल्या खोलीचा काढ की!

काम निघेल तेव्हा बाबांना माझ्याकडे आणून सोड. धुळीत त्यांना ठेवू नकोस. भावजयीला म्हणावं, रडणं बंद कर. दार उघडं मी सुद्धा दहा वेळा टाकलं असेल लहानपणी, तेव्हा बाबांना दिसत होतं एवढाच फरक. आईच्या वस्तू असतील त्या एका पेटीत भरून ठेव, मी येऊन बघीन.

आणि बाबांना विचारल्याशिवाय विटेला हात लावू नकोस. घर त्यांचं आहे. ती भिंत त्यांनी आईसाठी उभं राहून बांधून घेतलेली आहे. ते हो म्हणाले तरच पुढचं. तुझे भाऊजी म्हणतात की गुंड्या आधी पाडेल मग विचारेल. मी म्हटलं, माझा भाऊ तसा नाही. तेवढी माझी अब्रू राख.

माया आहेच, ती अशी दर पत्रात मोजून घेऊ नये.

तुझी,
ताई
(बाबांची कात्री)

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींना सांग, पैज हरलात. बाबांना विचारलं, चांगलं समोर बसून विचारलं. म्हटलं, बाबा, तुमच्या खोलीत कपाट काढायचं म्हणतोय, ताईचंही तेच मत आहे, तुम्हाला चालेल का. मला वाटलं होतं की आईचा विषय आहे, वाईट वाटून घेतील. मी मनाची तयारी करूनच बसलो होतो.

तर बाबा चक्क खूश! म्हणाले, काढ की, विचारतोस काय. तुझी आई सारखी म्हणायची की जागा पुरत नाही, आज असती तर तिला बरं वाटलं असतं. मला तर भरून आलं, ताई. आपण उगाच त्यांना जपत बसतो, ते आपल्यापेक्षा मोकळ्या मनाचे आहेत. फक्त एक अट घातली त्यांनी, दार सरकतं कर, म्हणजे पुन्हा कुणाच्या कपाळाला टाका नको. केवढं पुढचं बघतात! मी बाथरूमला सरकतं दार करायचं कबूल केलं.

मग नकाशा काढायला बसलो. कपाट गेलं की बाथरूमचं दार त्या कोपऱ्यात कशाला, हा प्रश्न आलाच. म्हणून दार उचलून बरोबर पलंगासमोर आणतोय. जुनं दार बुजवायचं. पलंगावरून उठायचं आणि सरळ सात पावलं, की बाथरूम. वळण नाही, कोपरा नाही, वाटेत काडीसुद्धा नाही. ऑफिसातल्या साहेबांना सहज दाखवला, तेही म्हणाले, वा. तीस वर्षं नळ काढले कागदावर, पण या एका कागदाचं समाधान वेगळंच आहे.

अठ्ठावीस तारखेला बाबांना घेऊन येतो. दुसऱ्या दिवशीपासून गवंडी कामाला लागेल. ही आता जेवते. लोभावरून मागच्या वेळी बोलणी खाल्ली, म्हणून या खेपेला नुसतं सूचकपणे थांबतो.

तुझा,
गुंड्या

ता. ६ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

बाबा मजेत आहेत असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तब्येत उत्तम आहे. जखम भरलीय आणि मधला टाका खरंच सैल होता म्हणे, हे त्यांनी इथल्या डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं. पण माणूस खुलत नाही.

दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. तुझे भाऊजी पेपर वाचून दाखवतात, मग दोघांचा वाद होतो, तेवढा वेळ बरा जातो. उठायचं म्हटलं की मला हाक मारावी लागते, आणि ती त्यांच्या गळ्यातून निघत नाही रे. आधी दोनदा खाकरतात. मग खुर्चीच्या हातावर बोटं वाजवतात. आणि मला मेलीला ऐकू येत नाही! मग शेवटी हाक. मी हात धरून नेते तर असे अंग चोरून चालतात, जसं काही त्यांनी माझं काही उचललंय.

दुसरं म्हणजे पाणी पीत नाहीत. तुझ्या पत्रात त्या उशाच्या जगचं होतं, म्हणून मीही त्यांच्याजवळ जग भरून ठेवते. संध्याकाळी बघावं तर भरलेलाच. दोन दिवस मला वाटलं इथलं पाणी आवडत नसेल. काल मी रागावले तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं. म्हणाले, पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की तुला उठवावं लागतं. घरी गेलो की पितो. तिथं माझा मी जातो.

मी आत जाऊन डोळे पुसले. त्यांच्या नकळत दोन घोट सरबतातून, चहातून पोटात घालतेय. तू काम लवकर आटप. त्या घराबाहेर आपला बाप निम्मा होतो. मला आजवर हे कळलं नव्हतं.

सगळ्यांना मायेने.

ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंत पडली! म्हणजे रीतसर पाडली, नाहीतर तू घाबरायचीस. गवंड्याने पहिला घाव घातला आणि आईच्या कपाटात पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऊन आलं. ही दारात उभी होती, तिला हुंदकाच फुटला. आईच्या वस्तू अशा फार निघाल्या नाहीत. दोन साड्या, बाबांनी शिवलेला तिचा दवाखान्यातला एक पांढरा कोट आणि बटणांचा डबा. पेटीत ठेवल्यात.

भिंत बाकी मजबूत होती. एक गंमत सांगतो. पलंगाच्या बाजूने तिच्यावर कमरेच्या जरा वर एक काळपट पट्टा होता, चांगला चार बोटं रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात लावला तर गुळगुळीत. इतकी वर्षं त्या खोलीत मी जातो-येतो, कधी लक्षच गेलं नव्हतं. गवंड्याने विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, ओल असेल. बरं झालं पाडली, नाहीतर ती ओल बाबांच्या छातीत बसली असती.

राडारोडा काल गेला. नवं दार पाडून झालं, जुनं बुजवलं, त्या कोपऱ्यातून आता पाण्याचे पाइप घेतलेत. आज फरशी बसतेय. सरकतं दार परवा. ताई, खोली अशी मोठी दिसते की ही म्हणाली, आपल्याच घरी आहोत ना! बाबांना दिसणार नाही हे खरं, पण चालताना जाणवेलच. पंचवीस तारखेला न्यायला येतो. सांग त्यांना, पाणी पिऊन घ्या, इकडे सात पावलांवर बाथरूम वाट बघतंय.

आज मी खुशीत आहे, तेव्हा लोभ वगैरे मीच तुला पाठवतो.

तुझा,
गुंड्या

ता. १२ मार्च

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

हे पत्र हातात पडेल तिथे काम थांबव. एक वीट हलवू नकोस. आज सकाळी शेजारणीकडून तुझ्या ऑफिसात फोन करवला, तर तू रजेवर, आणि घरचा फोन ठोकाठोकीत कुणी उचलेना. म्हणून पत्र लिहून ह्यांना तसंच पोस्टात पिटाळतेय.

चहा पिता पिता बाबा मला विचारत होते की नवं कपाट कुठल्या बाजूला काढलं, खिडकीकडे की दाराकडे. मी म्हटलं, नवं कुठलं? तर म्हणाले, गुंड्या माझ्या खोलीत कपाट काढतोय ना, सरकत्या दाराचं! आईला एक कपाट पुरायचं नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं. मी म्हटलं, बाबा, कपाट काढतोय म्हणजे आहे ते काढून टाकतोय. तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, आणि भिंत?

मेलं हे काढणं! चित्र काढलं की ते उमटतं आणि दात काढला की तो जातो. दुकान काढलं म्हणजे मांडलं, आणि दुकानातून काढलं म्हणजे हाकललं. भिंतीत खिडकी काढतात ती नवी, आणि भिंतच काढली तर खलास. तू एक काढत होतास, ते दुसरं काढत होते, आणि मी शहाणी इथे बसून लिहिलेल्यात घोळ होत नाही म्हणत होते.

अरे, ते त्या भिंतीच्या आधाराने चालतात. आपल्याला कुणाला ठाऊक नव्हतं. डाव्या हाताच्या बोटांची मागची बाजू भिंतीला लावून जातात, कोटाचं अस्तर बघतात तशी. तू लहानपणी खिळा ठोकायला गेलास तिथे खळगा पडलाय, तिथवर चार पावलं. पुढे दोन पावलांवर कोपरा, कोपऱ्याला अंगठा लागला की वळायचं. चार वर्षं अशीच काढली त्यांनी. मला म्हणाले, भिंत आहे तोवर मला डोळे आहेत.

नंतर म्हणाले, गुंड्याला कळवू नकोस, त्याने हौसेने केलंय. आता कळवू नको तर काय करू? थांबव, बाळा. कसंही करून थांबव.

ताई

ता. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेलच. तुझं मला मिळालं तेव्हा मी नव्या फरशीवर उभा होतो.

गवंड्याला बोलावून म्हटलं, भिंत परत बांध. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाला, तीन दिवसांत बांधतो, पण ती आता बरोबर नव्या दारावर येईल. म्हटलं, जुनं दार उघड. तर तिथून आता पाइप गेलेत. पाइप दुसरीकडून घे म्हटलं, तर दुसरीकडे जागाच नाही. साऱ्या शहराचे नळ कागदावर वळवणारा मी, माझ्या घरात मला एक पाइप वळवता येत नाही. कागद पसरून दोन दिवस बसलोय. प्रत्येक नकाशात काहीतरी एक दुसऱ्याच्या आड येतं.

आणि समज, बांधलीच भिंत, तरी ती ती नव्हे. तिला ना खळगा, ना पट्टा. ताई, तो पट्टा. मी ओल म्हणालो. माझ्या तोंडाने म्हणालो, बरं झालं पाडली.

काल ही शाळेत गेल्यावर मी डोळे मिटून पलंगापासून निघालो. सरळ सात पावलं. पहिल्या खेपेला खिडकीच्या चौकटीवर आपटलो. दुसऱ्या खेपेला हळू गेलो, तर फिरून पलंगाच्या पायथ्याशीच आलो. सहा वेळा केलं. दार एकदा सापडलं, तेही नशिबाने. मोकळ्या जागेत हाताला काही लागत नाही, तेव्हा माणसाला सरळ म्हणजे काय तेच कळत नाही. मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. कुणाला विचारायचं होतं तेही दिसतंच आहे, आणि त्यांना मी विचारलंही होतं.

बाबांना काय सांगू ते तू सांग. मला काही सुचत नाही.

गुंड्या

ता. २१ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी सांगतोय आणि कात्री लिहून घेतेय. तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. वाचताना मध्ये मध्ये गाळत होती, पण आवाजावरून मला गाळलेलं कळतं.

पहिली गोष्ट, तू अपराधी असल्यासारखं लिहू नकोस. तू मला विचारलंस, मी हो म्हणालो. कपाट काढायचं म्हणजे पाडायचं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हातारा झालोय, खुळा नाही. कात्रीने भलतंच ऐकलं. तिचे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे, डॉक्टरचा ट्रॅक्टर करते. तिच्या ऐकण्यावर जाऊ नकोस.

दुसरी गोष्ट, मापात चूक सगळ्यांचीच होते. मी उमेदवारीत असताना एका गृहस्थाच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या होत्या. उस्ताद मला रागावले नाहीत. म्हणाले, कापड कापलं ते कापलं, आता यातून काय निघतं ते बघू. त्यातून एक मुलाचं जाकीट निघालं.

सात पावलं म्हणजे काही फार नाहीत. मी शिकेन. सुनेला म्हणावं, तू दार उघडं टाकलंस म्हणून मला मोठी खोली मिळाली. पंचवीसला ये. मी तयार असेन.

तुम्हा दोघांवर जीव आहे, तो न लिहिताही असतो.

तुझे,
बाबा

(गुंड्या, वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं शब्दन् शब्द लिहिलं. आता मला मोठ्याने वाचून दाखवायला सांगतील, तेव्हा ह्या ओळी मी वाचणार नाही. मला नीट ऐकू आलं होतं. ऐकायचं यंत्र कानात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दिसत नाही ह्याचा फायदा घेतेय. — ताई)

ता. १४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. रोज कागद घ्यायचो आणि चांगलं काहीतरी घडू दे मग लिहू म्हणून ठेवून द्यायचो.

पहिल्या दिवशी बाबा पलंगावरून उठले, दोन पावलं टाकली आणि डावा हात पुढे केला. तिथे काही नव्हतं. हात तसाच पुढे ठेवून ते उभे राहिले. मी दारात होतो, ही माझ्यामागे. मग तेच हसून म्हणाले, छान, हवा खेळते आता. आणि पलंगाची कड चाचपत परत येऊन बसले.

मी दोरी बांधली. दोन दिवस धरून गेले. तिसऱ्या दिवशी दोरी झुलली, तोल गेला, गुडघ्यांवर बसले. लागलं नाही, पण दोरी सोडायला लावली. मग सुताराकडून भिंतीलगत कठडा करून घेतला. पण तो सगळ्या खोलीला वळसा घालून जातो, मध्ये खोलीचं दार येतं, तिथे तुटतो, आणि तुटला की ते पुन्हा मोकळ्यावर. दिवसा एखादा माणूस ठेवू म्हटलं, तर इतके कळवळून नको म्हणाले की पुन्हा विषय काढला नाही.

शेवटी काय करतो सांगू? सकाळी ते उठले की मी जाऊन भिंतीचा कोपरा होता तिथे उभा राहतो. काही बोलत नाही. मी नव्या दाराच्या वाटेवर नाही, जरा बाजूला, पण त्यांचे पाय अजून जुन्याच वाटेने निघतात. येतात, त्यांची बोटं माझ्या दंडाला लागतात, अंगठा कोपरावर टेकतो आणि ते वळतात. वळले की समोर दार. परत येताना तसंच. माझं नाव घेत नाहीत, मीही हूं म्हणत नाही. पहिले दोन दिवस मला वाटायचं त्यांना कळत नसेल. मी किती खुळा!

गेल्या आठवड्यात मला ताप होता. तरी उठून उभा राहिलो. बोटं दंडाला लागली आणि तिथेच थांबली. म्हणाले, आज भिंतीला ताप आलाय, तिला ऑफिसला पाठवू नका. ही आतून हसत आली आणि हसता हसता रडायला लागली. मी तीन दिवस घरी राहिलो. खरं सांगतो, ते तीन दिवस आमच्या घरात फार बरे गेले. बाबा बोलायचे, खायचे, दिवसातून पाचदा उठायचे. पेपर वाचून घेऊन माझ्याशी भाऊजींसारखं भांडलेसुद्धा.

काल पुन्हा ऑफिसला निघालो. बूट घालत होतो, तेव्हा बाबांनी विचारलं, किती वाजता येशील. नजर गेल्यापासून चार वर्षांत त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, सहापर्यंत, ही पाचला येईल. बरं म्हणाले. सावकाश ये, माझं काही नाही.

ऑफिसात बसून नळ काढत होतो, पण लक्ष घड्याळाकडे. नेमकं काम निघालं आणि निघायला साडेसहा झाले. हिची शाळेत बैठक होती, ती माझ्या आधी दहा मिनिटं पोहोचली होती. बाबा पलंगावर ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. दिवस कसा गेला विचारलं, तर म्हणाले, छान, झोप काढली.

मी त्यांच्या उशाचा जग उचलला. सकाळी मी स्वतः काठोकाठ भरून ठेवला होता, तसाच्या तसा जड होता. तुला म्हणाले होते ना, घरी गेलो की पितो.

जग घेऊन मी जाऊन माझ्या जागेवर उभा राहिलो. बाबांनी खाकरून घेतलं, दोनदा, आणि उठले.

लोभ मागत नाही या खेपेला. असू दे.

तुझा,
गुंड्या